आमच्यातला एक

आमच्या गावात शिरताना सिमेंटची एक कमान लागते. तिच्यावर माझे नाव आहे आणि नावाच्या आधी ‘वीर वैमानिक’ असे दोन शब्द आहेत. त्यातला पहिला चूक आहे आणि दुसराही. नाव तेवढे बरोबर आहे, पण त्यात माझे काही कर्तृत्व नाही. ते आत्याने ठेवले.

आधी सोपी चूक सांगतो. मी वैमानिक कधीच नव्हतो. हवाई दलात मी बिनतारी यंत्रावर होतो. कानाला यंत्र लावून बसायचे, खरखर ऐकायची आणि खरखरीतून काही निघाले तर लिहून साहेबाला द्यायचे, एवढे माझे काम. विमान चालवणे सोडा, मी स्कूटर शिकलो ती चाळिशीनंतर, आणि पहिल्याच दिवशी ती दूध डेअरीच्या कट्ट्यावर चढवली. पण आमच्या भागात हवाई दलातला प्रत्येक माणूस पायलट असतो, मग तो तिथे पोळ्या लाटत का असेना. सुरुवातीला मी लोकांना समजावून सांगायचो. पुढे सोडून दिले. पुढे आवडायलाही लागले.

दुसरी चूक अवघड आहे. तिच्यासाठी आमच्या गावची एक रीत सांगावी लागेल.

कराडहून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचे गाव आहे. घरटी एक माणूस फौजेत. पेन्शनीत आलेले सगळे सकाळी मारुतीच्या पारावर बसतात आणि जगातल्या सगळ्या लढाया पुन्हा एकदा लढतात. त्या पारावर लढाईची गोष्ट सांगताना ‘मी’ म्हणायचे नसते. ज्याने जखमी साहेबाला पाठीवर घालून आणले, तो म्हणतो, “आमच्यातल्या एकानं आणलं.” ऐकणारे मान डोलावतात. तो एक कोण, हे कुणी विचारत नाही. विचारले तर विचारणाऱ्याला अक्कल नाही असे धरतात. एकदा एक जवान सुट्टीवर आला आणि ‘मी एकट्यानं चौघांना लोळवलं’ म्हणून बसला. त्या दिवसापासून पारावर त्याला कुणी तंबाखू दिली नाही. लोक त्याला ‘चौघे’ म्हणू लागले. त्याचे लग्न जमले तेव्हा पत्रिकेवर खरे नाव बघून निम्म्या गावाला हा कोण ते कळेना.

ही रीत चांगली आहे. शूर माणसासाठी तर फारच चांगली आहे. फक्त भित्र्या माणसाने ती वापरली तर काय होते, याचा विचार आमच्या पूर्वजांनी केला नव्हता.

एकाहत्तरच्या लढाईत आमचे विमान सामान पोचवायला निघाले होते. आम्ही चौघे होतो. पुढे दोन साहेब, मागे मी आणि एक मेकॅनिक. मेकॅनिक इस्लामपूरचा. त्याचे वडील शिंपी, आजा शिंपी. नोकरी संपली की परत जाऊन वडिलांच्या दुकानात बसायचे, असे त्याचे पक्के ठरलेले होते. युनिटमध्ये साहेबांचे गणवेश तोच अंगाबरोबर करून द्यायचा. कापडावर कात्री अशी चालवायचा की बघत राहावे. सातारा आणि सांगली हे परमुलखात गेल्यावर एकच गाव असते, त्यामुळे आम्ही एकमेकांना ‘गाववाले’ म्हणायचो. सुपारीही अर्धी अर्धी खायचो.

विमानाला गोळी लागली ती पहाटे. विमान पोटावर घसरत पलीकडच्या मुलखात वाळूत थांबले. दोन्ही साहेब जागीच गेले. माझ्या जोडीदाराचे, म्हणजे त्या मेकॅनिकचे, डाव्या खांद्याचे हाड मोडले. मला खरचटलेही नव्हते. आता इथे माझ्या शौर्याची सुरुवात होते. विमानाच्या दारातून खाली उडी मारायची होती. विमान पोटावर बसलेले असल्यामुळे उंची टेबलाएवढी. मी उडी मारली आणि माझा पाय मुरगळला.

मोडक्या खांद्याचा माणूस मला, मुरगळलेल्या पायाच्या माणसाला, धड खांद्यावर रेलवून तासभर चालवत होता. उजाडल्यावर एक वस्ती दिसली. एक घर, एक आड, एक म्हैस आणि अंगणाच्या कडेला बाजरीच्या सरमडाचा, वाळल्या वैरणीचा, ढीग. मला पुढे पाऊल टाकवेना. लांबून माणसांचा आवाज येऊ लागला. जोडीदाराने एका हाताने ढिगातल्या पेंढ्या बाजूला केल्या आणि म्हणाला, “शिर आत.”

“आन तू?”

“मी बगतो. मला त्यांची बोली येती. तू त्वांड उघडलंस की कराड बाहेर पडतंय.”

मी शिरलो. त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही, हे मला आजही नीट आठवते. मी इतक्या लवकर शिरलो की त्याच्या हातातली पेंढी माझ्या तोंडावर बसली.

तो धड हात वर करून पुढे गेला. त्याने नाव सांगितले तेव्हा वस्तीवरच्या लोकांनी त्याला पाणी दिले. तू आमच्यातलाच, मग तिकडे काय करतोस, असे विचारले. मग जीप आली, फौजी उतरले. अंगणापर्यंत वाळूत पावलांच्या दोन ओळी होत्या, पुढे सगळे म्हशीने तुडवलेले होते. आलेली माणसे दोन, हे कळायला काही विद्वान लागत नाही. दुसरा कुठे आहे, असे ते विचारत राहिले. तो म्हणत राहिला, “मैं अकेला हूँ.” हे चार तास चालले. त्या चार तासांत त्याच्या उजव्या हाताची बोटे मोडली.

मला त्यांनी शोधून काढले नाही. मी स्वतः होऊन बाहेर आलो नाही. दुपारी मालकिणीने म्हैस सोडली. म्हैस सरळ ढिगाकडे आली आणि माझ्या अंगावरचे खायला लागली. मी आतून हळूच ‘हुर्र हुर्र’ केले. तिला मराठी येत नसावे. तिने आधी माझा गुडघा उघडा पाडला, मग पोट, आणि शेवटी मी हात वर करून उभा राहिलो तेव्हा माझ्या कॉलरमधली एक काडीही ओढून घेतली. जगाच्या इतिहासात शत्रूच्या म्हशीला शरण गेलेला हवाई दलातला माणूस माझ्याशिवाय दुसरा असेल असे वाटत नाही.

जोडीदार एकटा असल्याचे खोटे बोलला म्हणून त्याला वेगळे ठेवले. मी वर्षभर दुसऱ्या बराकीत होतो. मला कुणी फारसे काही विचारले नाही. म्हशीने पकडून दिलेल्या माणसाकडे गुपिते नसतात, असे त्यांनी धरले असावे, आणि ते खरेच होते. आमटी पातळ होती, थंडी फार होती, उवा होत्या. तिथे मी विणकाम शिकलो. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

वर्षभराने अदलाबदल झाली आणि आम्ही सुटलो. परतीच्या गाडीत मी जोडीदाराचा हात पाहिला. बोटे आत वळून घट्ट झाली होती, मूठ मिटता येत नव्हती आणि उघडताही येत नव्हती. मी म्हणालो, “डॉक्टर सरळ करतील.” तो म्हणाला, “व्हय, करतील की.” कराड आल्यावर मी उतरलो. तो पुढे गेला.

गावात हलगी लागली होती. वर्षभर आमच्या घरी ‘बेपत्ता’ एवढीच तार होती, त्यामुळे आईने मला बघितल्यावर आधी थोबाडीत मारली आणि मग मिठी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पारावर बसवले. डोक्याला फेटा, हातात नारळ. मी लंगडत होतो, कारण तो मुरगळलेला घोटा नीट बसलाच नव्हता. ते लंगडणे बघून माणसे आपोआप बाजूला होऊन वाट देत होती.

पारावर थोरले सुभेदार होते. त्यांनी दोन लढाया पाहिलेल्या. ते म्हणाले, “पोरा, कसं झालं ते सांग. सावकाश सांग.”

मी खरे सांगणार होतो. देवाशप्पथ सांगणार होतो. पण ‘मी लपलो’ यातला ‘मी’ तोंडातून निघेना. म्हणून मी म्हणालो, “दोघं हुतो आमी. वैरणीचा ढीग हुता. आमच्यातल्या एकानं दुसऱ्याला आत लपवलं आन आपण हात वर करून म्होरं गेला. लय मार खाल्ला, पर दुसरा कुटं हाय ते सांगितलं न्हाई.”

सुभेदारांनी उपरण्याने डोळे पुसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बास. कळलं.”

काय कळले ते मला एका क्षणाने कळले. शरमेने मी ज्या शब्दांआड लपलो होतो, ते शब्द त्यांनी विनय म्हणून घेतले होते. त्यांच्या रीतीप्रमाणे ‘आमच्यातला एक’ म्हणजे बोलणारा स्वतः. आता मला फक्त ‘त्यो म्या न्हवं’ एवढे म्हणायचे होते. पण तेवढ्यात आई ओवाळायला ताट घेऊन आली. मी म्हटले, ओवाळून होऊ दे, मग सांगू. ओवाळून झाल्यावर म्हटले, जेवणे होऊ देत. अशी पन्नास वर्षे गेली.

आणि मी काही नुसता गप्प बसलो नाही. त्या गोष्टीवर मी जगलो. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी मिळाली ती त्या गोष्टीमुळे. मुलाखतीत संचालकांनी मला काट्याविषयी एक प्रश्न विचारला आणि वैरणीविषयी अकरा. सासरे स्वतः फौजेतले नाईक. त्यांनी मुलगी दिली ती जमीन बघून नव्हे, कारण जमीन बघण्यासारखी नव्हती. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा फडकवायला मी. मुलीने माझ्यावर निबंध लिहिला, तालुक्यात पहिली आली. दर वर्षी मला भाषण करायला सांगायचे आणि मी दर वर्षी तेच बोलायचो, ‘आमच्यातल्या एकानं.’ मी एकही शब्द खोटा बोललो नाही. वकिलाने तपासावे इतके खरे बोललो. मनाला मी हेच सांगायचो, आणि मनाला ते पटायचे. माझे मन फार समजूतदार आहे.

बायकोला मात्र काहीतरी संशय होता. ती एकदा म्हणाली, “आवं, आपल्या दावणीला म्हस न्हाई. मग झोपंत हुर्र हुर्र कुणाला करता?” मी म्हणालो, विमानाचा आवाज. ती हसली. पुढे ती गेली तोपर्यंत तिने पुन्हा विचारले नाही, पण घरात म्हैस घ्यायचा विषय निघाला की आपण होऊन नको म्हणायची.

जोडीदाराचे दर दिवाळीला कार्ड यायचे. अक्षर वेडेवाकडे, कारण तो डाव्या हाताने लिहायला शिकला होता. ‘गड्या, बरा हाय. बटणं-दोऱ्याचं दुकान टाकलंय.’ शिंप्याचे दुकान नाही, बटणांचे. कात्री धरायला अंगठा आणि बोटे लागतात. त्याच्या वडिलांनी दुकान शेवटी पुतण्याला दिले. मी उत्तरात ‘इकडील सर्व क्षेम’ लिहायचो. एकदा कारखान्याच्या कामाने इस्लामपूरला गेलो, तेव्हा त्याच्या दुकानासमोरच्या हॉटेलात बसून दोन चहा प्यायलो. एका बाईला तो डाव्या हाताने डब्यातून बटणे काढून दाखवत होता. उजवा हात गल्ल्यावर नुसता ठेवलेला होता, कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. मी तिसरा चहा सांगितला, तो न पिताच उठलो आणि कराडची एसटी पकडली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सरपंचांनी ठरवले की गावाला कमान बांधायची आणि तिला माझे नाव द्यायचे. सरपंच तरुण आहेत, उत्साही आहेत. त्यांचा उत्साह मला सुरुवातीपासूनच घातक वाटत आला आहे. मी म्हणालो, “जिवंत माणसाचं नाव देत न्हाईत.” ते म्हणाले, “काका, तेच तर चुकतंय आपलं. मेल्यावर काय उपयोग?” मी म्हणालो, सुभेदारांचे द्या. सुभेदार तेव्हा नव्वदीच्या पुढे, तिथेच बसलेले. ते म्हणाले, “माजं नगं. म्या काय केलंय?” म्हणजे तेही रीत पाळत होते.

मग एक दिवस सरपंच पेढ्याचा बॉक्स घेऊनच घरी आले. “काका, तुमच्यासाठी सरप्राइज. उद्घाटनाला पाहुणे ठरले. तुम्ही ज्यांना वैरणीत लपवलंत ना, त्यांना शोधून काढलं आम्ही. इस्लामपूरला जाऊन आमंत्रण देऊन आलो. त्यांच्या घरच्यांना सगळी गोष्ट सांगितली. त्यांना काहीच माहीत नव्हतं बघा!”

मी हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. सरपंचांना वाटले, गहिवरलो.

दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. पलीकडे जोडीदाराची बायको. तिला मी एकदाच भेटलो होतो, तिच्या लग्नात.

“भाऊजी, वळखलं का?”

“वळखलं की. बरं हाय ना?”

“बरं कसलं? तुमच्या गावची माणसं येऊन सांगून गेली, ह्यास्नी तुमी लपवलं म्हणं. पोरगा गप झालाय. सून हळूच विचारती, अब्बा भ्याले हुते का. आन हे नुसतं हसत्यात.”

“त्यानं हात कशानं मोडला म्हणून सांगितलंय घरात?”

“इमान पडलं तवा मोडला म्हणून. मला तेवढं खरं ठावं. माज्याकडनं शप्पथ घेतलीया, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. म्हणत्यात, हाताचं सांगाय गेलं की त्याच्या लपण्याचं सांगावं लागतंय. शप्पथ म्या घेतली, भाऊजी. तुमी न्हाई घेतलेली. पन्नास वर्सं मी त्या बोटास्नी त्याल लावतीया. माज्या घरात त्यांनी मान खाली घालून बसायचं? तुमी बोलणार का म्या शप्पथ मोडू?”

“मी बोलतो,” मी म्हणालो. “सगळ्या गावासमोर बोलतो.”

उद्घाटनाला मांडव होता, लेझीम होते, आमच्या डोक्यावरून घुंगुरट्यासारखे फिरणारे एक ड्रोनही होते. जोडीदाराला दोघांनी धरून स्टेजवर आणले. त्याच्या लग्नानंतर आजच भेटत होतो. पाठीत वाकला होता, दाढी पांढरी, पण डोळे तेच. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “काय रं गड्या, मला वैरणीत घातलंस म्हणं. म्हस तरी माज्या वाटणीला दिलीस का न्हाई?”

“आज सांगतो समदं.”

“ऱ्हाऊ दे आता. सत्कार झाला की जेवाय मिळंल का तेवढं बग.”

माझी पाळी आली. मी माईक धरला. मी पहिल्यांदाच ‘मी’ म्हणालो. “मंडळी, वैरणीत लपलेला मी होतो. हात वर करून पुढे गेला तो हा माणूस. मार ह्यानं खाल्ला. त्याची बोटं बघा. मी आत पडून होतो, आणि मला म्हशीनं पकडून दिलं. पन्नास वर्षं तुम्ही उलटी गोष्ट ऐकली. कमानीवरचं नाव खरडून काढा.”

आणि मग टाळ्या. म्हशीला तर लोक हसून लोळले. सरपंचांनी माझ्या हातातून माईक घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता. “बघा, माणूस किती मोठा असावा! आज एवढ्या मोठ्या दिवशी स्वतःचं श्रेय मित्राला देऊन टाकलं!”

“न्हाई,” मी ओरडलो, “मी खरं सांगतोय! मी भ्यालो हुतो!”

टाळ्या वाढल्या. पुढच्या रांगेत थोरले सुभेदार दोन माणसांच्या आधाराने उठून उभे राहिले आणि त्यांनी मला सॅल्यूट केला. जितका मी माझा भित्रेपणा पटवू लागलो, तितका मी थोर होत गेलो. मी टेबलाएवढ्या उंचीची उडी सांगितली. आईने मारलेली थोबाडीतही सांगितली, जिचा इथे काही संबंध नव्हता. बायका पदराने डोळे पुसू लागल्या. एक बाई तेवढी डोळे पुसत नव्हती. ती माझ्याकडे सरळ बघत होती. जोडीदाराची बायको.

जोडीदार हसून हसून खोकायला लागला होता. म्हणाला, “गड्या, आता जरा रडून दाव. म्हंजी पुतळा बशीवत्याल.”

जेवणे झाल्यावर त्याचा मुलगा गाडीपाशी माझ्याजवळ आला. पन्नाशीला टेकलेला, दुकान आता तोच बघतो. त्याने माझे हात दोन्ही हातांत धरले. “चाचा, लय मोठं मन तुमचं. अब्बांना चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून एवढं केलंत. मी विसरणार न्हाई.”

त्याची आई आत गाडीत बसली होती. काच खाली होती. ती एवढेच म्हणाली, “बगितलं ना, भाऊजी?” आणि काच वर केली.

दुसऱ्या आठवड्यात मी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला की कमानीवरचे नाव काढावे. ग्रामसभेने तो एकमताने फेटाळला आणि माझ्या विनयाबद्दल अभिनंदनाचा ठराव केला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की गाव माझ्या हातून गेले. गावाला ज्या रीतीने मी फसवले, तिच्यातून गाव आता माझ्या सांगण्याने बाहेर पडणार नव्हते. लिहून ठेवणे तेवढे हातात होते, ते मी इथे करतो आहे. पण इस्लामपूरला एक घर होते, आणि तिथे चारच माणसे होती.

रविवारी मी एसटीने गेलो. दुकानाच्या मागेच घर. जोडीदार खुर्चीत बसला होता. मुलगा, सून, बायको सगळी होती. मी चहा नको म्हणालो. फेटा नव्हता, माईक नव्हता. मी पुन्हा सगळे पहिल्यापासून सांगितले, विनोद न करता. विनोद न करता बोलणे मला किती अवघड जाते ते त्या दिवशी कळले.

मुलगा ऐकून घेऊन म्हणाला, “चाचा, झालं आता. आमच्या मनात काय न्हाई.” म्हणजे तोही गावासारखाच.

सून तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासायचे काम करते. तिने माझे बोलणे दवाखान्यात ऐकतात तसे ऐकले होते. ती म्हणाली, “चाचा, अब्बांना त्यांनी मारलं ते कुठं?”

“अंगणात. आडापाशी.”

“आणि तुम्ही होता तो ढीग किती लांब?”

मी दाराबाहेर बघितले. “तुमच्या ह्या उंबऱ्यापासून समोरच्या मेडिकलएवढा.”

तिने पण बाहेर बघितले. समोरच्या मेडिकलमध्ये दुकानदार कुणाला तरी औषध कसे घ्यायचे ते सांगत होता. सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, सगळे इथपर्यंत येत होते.

“मग ऐकू येत असेल,” ती म्हणाली.

जोडीदार एकदम खुर्चीत सरसावला. “आगं, झोप लागली हुती त्याला. रातभर जागा, पाय सुजलेला. आन ह्याची झोप म्हंजी, युनिटमदी भोंगा वाजला तरी उटायचा न्हाई. मी हिला तवाच सांगितलं हुतं. त्याला झोप लागली असंल, न्हाईतर आला असता त्यो.” त्याने माझ्याकडे बघितले. “व्हय का न्हाई रं?”

पन्नास वर्षे तो हे धरून बसला होता. त्याने माझ्यासाठी ते रचले होते की स्वतःसाठी, मला ठाऊक नाही. मला फक्त मान हलवायची होती. मुलगा तर हलवा म्हणूनच बघत होता.

“न्हाई,” मी म्हणालो. “मी जागा हुतो.”

“समदं ऐकू येत हुतं. त्यांनी तुजा हात आडाच्या कठड्यावर ठिवला, त्यो आवाज. तू आदी अल्लाचं नाव घेतलंस, मग आईला हाक मारलीस. तीनदा मारलीस. तिसऱ्या बारीला मी कानात बोटं घातली.”

जोडीदार माझ्याकडे बघत राहिला. “जागा हुतास?”

“व्हय.”

“बरं,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे बघू लागला.

त्याची बायको उठून आत गेली. मुलगा अजून उभाच होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो खाली बसला, वडिलांचा उजवा हात मांडीवर घेतला, आणि एकेक बोट उलगडून बघू लागला, कुठून मोडले आहे ते. मोजमाप घेतल्यासारखा हळूहळू. म्हातारा म्हणाला, “आता दुकत न्हाई त्ये,” तरी तो बघतच राहिला.

मला कुणी जा म्हणाले नाही आणि बसा म्हणाले नाही. थोड्या वेळाने मी उठलो आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.